पंधरावा दिवस बाकी

फोन आला तेव्हा मी आटगावला एका लग्नाच्या मांडवात शिडीवर उभा राहून झालर ठोकत होतो. ठोकायला माझी माणसं आहेत, पण झालर मला दुसऱ्याच्या हातची पसंत पडत नाही, हा माझा जुना रोग. खिशात फोन वाजला, तो काढायला हात घातला तर फोनच्या आधी पितळेचे दोन फासे हाताला लागले. फोनवर माझी बायको मंगल होती. म्हणाली, "अहो, खाली उतरा आधी." मी खेकसलो, "बोल ना, काम चाललंय इथं!" "आधी उतरा म्हणते ना मी..." मग उतरलो, आणि तिनं सांगितलं की मुरबाडचे काशिनाथभाऊ गेले. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले. माझा एक हात कानाला होता आणि दुसरा अजून खिशातच, त्या फाशांवर. फासे काशिनाथभाऊंचे होते. कितीतरी आठवडे ते माझ्या खिशात फिरत होते, आणि मुरबाडला जाऊन दर खेपेला मी त्या माणसाला तोंडावर सांगत होतो की फासे आणायला विसरलो.

हे आधीच सांगून टाकलं ते बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा मांडववाला साडूच्या आठवणीनं गहिवरून लिहायला बसलाय. गहिवर आहे, नाही असं नाही. पण त्याहून टोचणी जास्त आहे. काशिनाथभाऊंना जन्मात एक कुस्ती बघायची होती, ती त्यांच्या दारापर्यंत आली होती आणि माझ्यामुळं राहिली. तेरावं होऊन गेलं, माणसं आपापल्या कामाला लागली, पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

काशिनाथभाऊ माझे थोरले साडू. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची शेवंताताई मोठी आणि माझी मंगल धाकटी. सासुरवाडी डोळखांबच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. भाऊबिजेला सासुरवाडीत दोन जावयांइतकी निरुपयोगी वस्तू दुसरी नसते. बहिणी ओवाळणार, भाऊ ओवाळून घेणार, पोरं फटाके उडवणार, आणि जावई ओटीवर बसून एकमेकांच्या चपला बघणार. त्यात मी पडलो बोलघेवडा. शहापूरला माझा मांडव-डेकोरेशनचा आणि लाऊडस्पीकरचा धंदा, जत्रेच्या आखाड्यात कुस्त्या पुकारायलाही मीच उभा असतो, त्यामुळं गप्प बसलो तर माझं पोट दुखतं. आणि काशिनाथभाऊ असे की चार वाक्यांत दिवाळी काढतील. पहिली दोन-तीन वर्षं मी त्यांना शिष्टच समजत होतो. मंगलला म्हणायचो, "तुझे भावोजी जपान रिटर्न ना, आमच्याशी कशाला बोलतील!"

जपानचं खरं होतं. ते मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत टर्नर होते. कंपनीनं तिकडची मशिनं घेतली आणि ती शिकायला दोन कामगारांना तीन महिने जपानला धाडलं, त्यातले एक हे. सासुरवाडीत सगळ्यांना वाटलं, जावई आता रेडिओ आणणार, घड्याळं आणणार. जावई आले ते वर्तमानपत्राच्या कात्रणांची चळत आणि प्लास्टिकच्या पिशवीत भाताच्या पेंढ्याचा वीतभर तुकडा घेऊन. आमच्या सासरेबुवांनी तो पेंढा हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "ह्यो आपल्या गोठ्यात कमी पडला व्हता काय?" ही गोष्ट आमच्याकडं दर दिवाळीला एकदा तरी निघायची आणि भाऊ सगळ्यांबरोबर हसायचे.

त्या पेंढ्याचं खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं, अशाच एका भाऊबिजेला ओटीवर. तिकडं हॉस्टेलमध्ये भाषा कळेना, जेवण घशाखाली उतरेना, घरी पत्र पोचायला आठवडे लागायचे. संध्याकाळी जेवणघरात टीव्ही लागायचा आणि हॉस्टेलचा म्हातारा स्वयंपाकी त्याच्यासमोर मांडी ठोकून बसायचा. एक दिवस हेही त्याच्या शेजारी जाऊन बसले. बघतात तर मातीचा ओटा, त्यावर भाताच्या पेंढ्याच्या दोराचं रिंगण, आणि दोन अगडबंब गडी आत शिरताना मूठ भरून मीठ फेकतायत. सुमोची कुस्ती. "मला वाटलं, अरे, ह्ये तर आपलंच हाय सगळं," भाऊ म्हणाले. "मीठ आपलं, पेंढा आपला... आणि मी उगाच परमुलुख म्हणून रडतोय." ती स्पर्धा पंधरा दिवस चालते, रोज प्रत्येक गड्याची एकच कुस्ती. पाय रिंगणाबाहेर पडला की हरला, तळपाय सोडून अंगाचं दुसरं काही मातीला टेकलं की हरला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निकाल. भाऊंनी पंधराच्या पंधरा दिवस बघितले. पेंढा त्यांनी हॉस्टेलमागच्या शेतातून उचलून आणला होता.

नावं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी गड्यांची बारशी स्वतःच केली. एक हलवाई, एक फौजदार, एक सारखा रडवेल्या तोंडाचा म्हणून नवरदेव. सगळ्यात दांडगा जो होता, जाड भुवयांचा, कुणाकडंही न बघता चालणारा, तो हुबेहूब आमच्या सासऱ्यांसारखा दिसायचा, म्हणून त्याचं नाव सासरेबुवा. हे ऐकलं तेव्हा मी इतका मोठ्यानं हसलो की आतून खरे सासरेबुवा बघायला आले. आणि एक होता गुडघ्या. वय झालेलं, उजव्या गुडघ्याला पांढरी पट्टी, सासरेबुवांच्या अंगानं निम्मा. पंधराव्या दिवशी हे दोघं बरोबरीवर होते. गुडघ्यानं सासरेबुवांना रेटत रेटत पार दोरापर्यंत नेलं, आणि तिथं सासरेबुवांनी अंग वळवलं. गुडघ्याचा पाय बोटभर बाहेर मातीला लागला... बोटभर. स्वयंपाक्यानं आपल्या मांडीवर थापट मारली आणि मग भाऊंच्या पाठीवर हात ठेवला. बोलणार कुठल्या भाषेत? एवढं सांगून भाऊ ओटीवरून उठले आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आले. तेव्हापासून मी त्यांना शिष्ट म्हणणं सोडलं.

पुढच्या दिवाळीला त्यांनी पिशवीतून खेळ काढला. माझ्याकडं गिऱ्हाइकांच्या उरलेल्या लग्नपत्रिका पडून असतात, त्या त्यांनी आधीच मंगलकडून मागवून घेतल्या होत्या. त्यांची सोळा कार्डं कापली होती. एका बाजूला गड्याचं नाव आणि त्याच्या ताकदीचा आकडा, दुसऱ्या बाजूला अर्धवट 'आपले नम्र' नाहीतर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. कात्रणांवरून त्या स्पर्धेत कोण किती कुस्त्या जिंकला ते मोजून ताकद ठरवलेली. फासे पितळेचे, कंपनीतल्या भंगाराच्या तुकड्यातून फोरमनला विचारून स्वतः मशिनवर काढलेले, ठिपके पोलादी पंच ठेवून हातोडीनं ठोकलेले. नव्या भाताच्या पेंढ्याची वळी वळून तिचं रिंगण करायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि दोघांनी आपापल्या गड्यासाठी दोन्ही फासे टाकायचे. फाशांचे ठिपके अधिक ताकद, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. पण फासा उडून रिंगणाबाहेर गेला तर बेरीज गेली खड्ड्यात, गडीच बाहेर. सोळा गडी, पंधरा दिवस, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. शेवटच्या दिवशी गुडघ्या आणि सासरेबुवा, त्या वर्षी झालं होतं तसंच.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. तिकडं दोघं बरोबरीवर होते, पण कार्डावर गुडघ्याची ताकद एकानं कमी. मी म्हणालो, "भाऊ, हा अन्याय आहे." ते म्हणाले, "शेवटची हरला व्हता ना त्यो. जे हाय ते हाय." गुडघ्याला जिंकलेला बघायचं म्हणून हा माणूस खेळ बनवणार आणि त्याचाच आकडा कमी धरणार! मी म्हणालो, द्या ना एक वाढवून, कोण बघतंय? तर मान हलवली. "एकदा जिंकलेला बघायचाय साडू. पन खराखुरा जिंकलेला." मी पुन्हा विचारलं की झालेली स्पर्धा परत खेळून काय मिळतं तुम्हाला? ते पेंढा वळता वळता म्हणाले, "खेळतोय तवर ती झालेली नसते ना." मला ते तेव्हा फार काही कळलं नव्हतं.

मग दर दिवाळीला आमची स्पर्धा ठरलेली. सासरे वारल्यावर ती मुरबाडला भाऊंच्या घरी हलली. शेवंताताई डोक्याला हात लावायच्या, कारण रिंगण मांडायला भाऊंना त्यांचा सत्यनारायणाचा चौरंगच लागायचा. "देवाच्या चौरंगावर नागडे पैलवान नाचवताव, लाज नाय वाटत? आनि मीठ सगलं मला झाडाया लागतं!" पण चौरंग धुऊन त्याच आणून द्यायच्या. दोन बैठकींत पंधरा दिवस उरकायचो. मी आखाड्यातल्यासारखा पुकारायचो, "मंडळी, शांत रहा, पोरांनो दोराला हात लावू नका, पूर्वेकडून येत आहेत डोळखांबचे सासरेबुवा!" सासरेबुवा कायम माझ्याकडं, गुडघ्या कायम त्यांच्याकडं. आणि गुडघ्या कधी जिंकला नाही. कधी पाचव्या दिवशीच कंबरडं मोडायचं, कधी तेराव्यापर्यंत जाऊन नवरदेवासारख्या रडव्याकडून मार खायचा. एका वर्षी माझा फासा दोरावर चढून बसला, ना आत ना बाहेर, त्यावरून आमचं इतकं पेटलं की मी जेवायचा थांबलो नाही. मंगलला गाडीवर बसवलं आणि सरळगाव येईस्तोवर बडबडत होतो. माझाच फासा, आणि बाहेर आहे असं भाऊ म्हणत नव्हते हो, ते म्हणत होते आत आहे. मला त्यांची मेहरबानी नको होती. काय भांडण असतं माणसांचं!

वर्षातून एकदा. खरं सांगायचं तर त्या पलीकडं मी मुरबाडला फार कधी गेलोच नाही. शहापूरहून किन्हवलीमार्गे तासाभराची वाट, टेम्पो घेऊन कामानिमित्त त्या रस्त्यानं जायचोही, पण आज वेळ नाही, उद्या बघू, असं चालायचं. गेल्या पावसाळ्यात भाऊंना धाप लागायला लागली. कल्याणला दवाखान्यात दाखवलं तर पंपिंग कमी झालंय म्हणाले, हृदयाचं. त्यांना घरी आणताना डॉक्टरांनी मला जिन्यात बाजूला घेतलं आणि सांगितलं, जपा, किती दिवस ते सांगता येत नाही. मी त्यांना धरून माझ्या टेम्पोत पुढं बसवलं. रस्त्यात त्यांनी एकच विचारलं, "यंदाचा पेंढा चांगला हाय काय रे तुमच्याकडं?" मी म्हणालो, एक नंबर आहे.

दिवाळीला गेलो तर चौरंग मांडून तयार. भाऊ भिंतीला उशी लावून बसले होते, पेंढा मात्र स्वतःच वळला होता. म्हणाले, "चल, लावू." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, यंदा एका भेटीला एकच दिवस. जपानात काय दोन बैठकींत उरकतात काय?" त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." आता हे मी का बोललो, ते माझ्या धंद्यातल्या माणसाला कळेल. मांडव उतरवताना बाकीचे दोर कितीही सोडा, तो उभा राहतो. शेवटची खुंटी काढली की बसतो. मला असं वाटून बसलं, की ही स्पर्धा चालू आहे तोवर भाऊंना काही होत नाही. आठवड्याला एक भेट धरली तरी पंधरा दिवस थंडी संपेपर्यंत पुरतात. शिकलेली पोरगी आहे माझी, तिला सांगितलं असतं तर हसली असती. मी कुणालाच सांगितलं नाही.

आणि नेमका त्याच वर्षी गुडघ्या पेटला. हलवायाला त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर काढलं, फौजदाराला लोळवलं, नवरदेवाला तर असं उडवलं की भाऊ टाळी वाजवून खोकत बसले आणि ताई आतून धावत आल्या. मी आठवड्याला जात होतो. लग्नसराई सुरू झाली तरी जात होतो, मंगल म्हणायची, "काय हो, एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?" भाऊंचे पाय सुजत होते, आवाज खोल गेला होता, पण मी ओटी चढलो की तोंडावर हसू यायचं. चौदाव्या दिवशी सगळं संपलं तेव्हा गुडघ्या दोन कुस्त्या हरलेला, सासरेबुवाही दोन हरलेले. बरोबरी. पुढचा दिवस पंधरावा, आणि पंधराव्याला गाठ कुणाची ते ठरलेलं. भाऊंनी दोन्ही कार्डं समोरासमोर ठेवली आणि नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "साडू, एका भेटीला एकच दिवस ना रे. उद्या पुना येशील काय?"

मी म्हणालो, उद्या मांडव आहे. नव्हता. आणि उठताना फासे उचलून खिशात टाकले. "पितळ काळं पडलंय भाऊ, चिंचेनं घासून आणतो." ताई दारातून म्हणाल्या, "का? आमच्याकडची चिंच सपली काय?" मी काहीतरी हसण्यावारी नेलं आणि सटकलो.

त्यानंतरच्या प्रत्येक भेटीचं सांगत बसत नाही. दर वेळी मी जायचो, चहा घ्यायचो, गावभरच्या गप्पा हाणायचो, आणि ते विचारायचे, "फासे?" कधी म्हणालो शर्ट बदलला, कधी म्हणालो टेम्पोच्या खणात राहिले, बाकी सगळ्या वेळी विसरलो. ते "बरं" म्हणायचे. आणि फासे दर वेळी माझ्या खिशात असायचे, कारण घरी ठेवायला मन होत नव्हतं. शेवटच्या भेटीला ते खाटेवर होते. उशाशी चौरंग, त्यावर रिंगण, दोन कार्डं, मिठाची वाटी. "फासे?" "विसरलो भाऊ." ते हसले. "डोकं म्हातारं झालं तुझं..." मग म्हणाले, "नुसतं पुकार तरी." तेवढं मी केलं. उभा राहिलो, अगदी आखाड्यातला आवाज लावला. "मंडळी, पंधरावा दिवस! पूर्वेकडून डोळखांबचे सासरेबुवा! पश्चिमेकडून, गुडघ्याला पट्टी, वय विचारू नका, हिंमत विचारा, आपला गुडघ्या!" त्यांनी डोळे मिटले होते. शेजारच्या घरातली माणसं दारात येऊन बघायला लागली. मी मीठ फेकलं, गडी बसवले, आणि थांबलो. "पुढं?" भाऊंनी डोळे न उघडता विचारलं. मी म्हणालो, "पुढं फासे लागतात ना भाऊ." "हं," म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. आटगावचा फोन त्याच आठवड्यात आला.

मांडव मीच घातला त्यांच्या दारात. पांढरा. झालर नसते त्याला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, तेव्हा मी मागं उभा राहून तयारी करत होतो. आमच्याकडं कावळा शिवला नाही की घरचे एकेक जण पुढं होऊन कबूल करतात, तुझ्या बायकोला बघू, पोरांना बघू. मला माहीत होतं कावळा कशासाठी अडणार आहे. एवढ्या माणसांत मी कसं म्हणणार होतो, भाऊ, तुमच्या गुडघ्याची कुस्ती लावतो? तरी म्हणणार होतो, लाज सोडून. तोंड उघडायच्या आत कावळा उतरला, पिंडाला चोच लावली, भात घेऊन गेला. सगळ्यांनी हात जोडले, म्हणाले, सुटला माणूस, काही इच्छा राहिली नव्हती. मला रागच आला, खरं सांगतो. त्या कावळ्याचा, भाऊंचा, सगळ्यांचा. राहिली कशी नव्हती? माझ्या खिशात होती ना!

तेराव्यानंतर टेम्पोत बांबू भरले आणि घरी आलो, तो पुन्हा मुरबाडला गेलोच नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला, आणखी गेले. सीझन आहे, माणसं कमी आहेत, सगळी कारणं होती माझ्याकडं. मंगल एकटी एसटीनं जाऊन बहिणीला भेटून आली. आल्यावर जेवायला वाढताना म्हणाली, "ताई विचारत होती. म्हणाली, खेळ सपला म्हंजे भावोजी येयाचे नाय आता." तीच भीती मला होती, स्वतःबद्दलची. मी भाऊंसाठी जात होतो की खेळासाठी? इतकी वर्षं तासाभराच्या वाटेवर राहून मी किती वेळा गेलो होतो?

परवा रविवारी गेलो. ताई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. मी पायरी चढलो, काही न बोलता खिशातून फासे काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. म्हणालो, "ताई, हे तेव्हापासून माझ्याकडंच होते. विसरत नव्हतो मी. खोटं सांगत होतो त्यांना." ताईंनी मान वर केली नाही. शेंगा सोलत सोलत म्हणाल्या, "म्हाईत हाय. त्यांना आयकू येयाचे. तुमी पायरी चढलाव की खिशात वाजायचे. म्हनायचे, माझं पंपिंग कमी झालंय शेवंता, कान नाय."

मी त्यांच्यासमोर बसलो. म्हणालो, "मग बोलले का नाहीत?" "काय बोलायचं? नातवंडांच्या लुडोचे फासे हितं फळीवर पडलेत. टर्नर मानूस, मनात आनलं आसतं तर साबनाचे कापले आसते. मी म्हटलं बी, तुमच्या साडूच्या बदली मी टाकतंय, होऊन जाऊंदे एकदाचं. तर म्हनाले, नको गो. त्यो टाळतोय तवर येतोय." असं म्हणून त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तुमी दोगंबी घाबरट."

हे ऐकून माझं ओझं उतरलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. उलट वाढलं. मला वाटत होतं मी त्यांना धरून ठेवलंय, आणि इकडं तेच मला धरून ठेवत होते, स्वतःच्या गुडघ्याची कुस्ती पणाला लावून. ज्या माणसानं गड्याचा एक आकडा वाढवून घेतला नाही, त्यानं माझं खोटं मात्र दर आठवड्याला मुकाट्यानं खपवून घेतलं. का, तर साडू येतोय. नुसता साडू येतोय म्हणून! अरे, मी असाच आलो असतो भाऊ, तुम्ही एकदा म्हणून तर बघायचं... असं आता म्हणतो मी. आलो असतो का, ते माझं मला ठाऊक नाही. ते त्यांना ठाऊक असावं.

आत खाटेच्या जागी नुसती फरशी होती, पण कोपऱ्यात चौरंग तसाच होता. रिंगणाचा पेंढा वाळून पिवळा पडलेला, दोन कार्डं समोरासमोर, वाटीतल्या मिठाला पाणी सुटलेलं. मी चौरंग उचलून ओटीवर आणला. म्हणालो, "ताई, आज लावू. सासरेबुवांचे मी टाकतो, गुडघ्याचे तुम्ही टाका. काय व्हायचं ते होऊ दे." ताईंनी हात पदराला पुसले आणि दोन्ही फासे उचलले. मुठीत धरून थोडा वेळ कार्डांकडं बघत राहिल्या, एकीकडं बापाचं नाव, दुसरीकडं नवऱ्याचा गडी. मी पुकारायला घसा साफ केला. तेवढ्यात त्या माझ्याकडं सरकल्या, आणि फासे माझ्या शर्टाच्या खिशात टाकले.

म्हणाल्या, "आज तुमी फासे विसरलाव, भावोजी."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी ओटीवरूनच म्हणालो, "हो ताई, विसरलो."

चहा झाला, वाल सोलून झाले, गावभरच्या गप्पा झाल्या. निघालो तेव्हा पायरी उतरताना खिशात फासे वाजले. आतून ताईंचा आवाज आला, "सावकाश जावा. पुढच्या खेपंला आना आठवनीनं."